किटली जड होती

द्वारका नावाची बाई नव्हतीच, असं तो माणूस माईकवर म्हणाला, वसुधा, आणि अख्ख्या हॉलनं मान हलवली.

टेबलावर तुझा फोटो होता, हार घातलेला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन. तो माणूस पुण्याचा मोठा प्राध्यापक, तुझ्याच विषयातला. त्यानं तुझं इंग्रजी पुस्तक वर धरून सगळ्यांना दाखवलं. म्हणाला, "यातली द्वारका म्हणजे कुणी एक स्त्री नव्हे. वसुधाताईंनी गावोगावच्या स्त्रियांच्या अनुभवांतून ती उभी केली. आणि नाव बघा. द्वारका. कृष्णाची नगरी. दूधदुभत्याच्या देवाची. महिलांच्या दूधसंस्थेवरच्या पुस्तकात हे नाव उगीच आलेलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत एवढं मलाही कळतं, पण त्यांना राहवलं नाही.

मी उठले. काय बोलणार होते ते मलाच माहीत नव्हतं. "मी हाय की हितं," एवढंच बहुतेक. पण शब्द निघायच्या आधी एक मुलगी वाकून पळत आली, माझा दंड धरला आणि कानात म्हणाली, "आज्जी, बाथरूम तिकडं हाय. चला, नेते." मी गेले. काय करणार? हात धुतले, आरशात तोंड बघितलं आणि परत आले तोवर भाषण संपलं होतं.

चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. "पावणं, ती द्वारका म्हंजे मी," म्हटलं.

माणूस वाईट नव्हता. त्यानं हात जोडले. "आजी, हे पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येक बाईला तसंच वाटतं. हेच त्याचं यश आहे."

"मला इंग्रजी वाचाय येत न्हाय."

"मग तर आणखीच मोठं यश!"

एवढं बोलून त्यानं बिस्कीट चहात बुडवलं आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळला. मला राग यायला हवा होता. आला नाही. वाटलं, हा शिकलेला माणूस आहे, पुस्तक वाचून आलाय. मी वाचलेलं नाही. मग त्याचं बरोबर असेल का?

एस.टी. स्टँडवर मला सोडायला तुझी अश्विनी आली होती. तुझ्या हाताखाली शिकलेली, आता तुझं त्रैमासिक तीच चालवणार म्हणे. तिला मी विचारलं. तिनं माझी पिशवी हातात घेतली. मग म्हणाली, "आक्का, मॅडमनी प्रस्तावनेतच तसं लिहिलंय. लोकांची ओळख कळू नये म्हणून काही व्यक्तींचे तपशील एकत्र केलेत, असं."

"म्हंजे मी न्हाय?"

"म्हणजे तुम्ही आहातच. पण किती, ते मला नाही सांगता यायचं."

ते तूच सांगायचंस, वसुधा. आणि तू गेलीस.

ह्यावर मी काय करावं मला कळत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. अश्विनी तुझ्यावर अंक काढते आहे, तिनं मला आठवणी लिहायला सांगितल्या. मी म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईचं कोण छापतंय? तर म्हणाली, छापणारी मीच आहे की. गावात मी 'गेलो', 'आलो' बोलते. इथे शाळेत बाईंनी शिकवलं तसं लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ अश्विनी बघणार आहे. बाकीच्याला हात लावायचा नाही असं तिला बजावलं आहे.

तू पहिल्यांदा आलीस ते आठवतं का? बिद्रीच्या कारखान्याला ऊस चालला होता, गाड्यांनी रस्ता अडला होता, आणि तू पायी आलीस, चपला धुळीनं माखलेल्या. खांद्याला टेप. आमचे मालक सोप्यात बसले होते. तू विचारायचीस मला आणि उत्तर द्यायचे ते. संस्था कधी निघाली, सभासद किती, म्हशी किती. मी आत चहा ठेवला होता. तू कप घेतलास आणि सरळ म्हणालीस, "भाऊ, चेअरमन तुम्ही की ह्या?"

"ह्याच की. कागदावर."

"मग मला कागदावरच्या माणसाशीच बोलायचंय."

मालक हसले आणि उठून गोठ्यात गेले. मला तू आगाऊ वाटलीस. पण पुढं दोन वर्षं मी तुला 'तुम्ही' म्हणत होते. 'तू' कधी झालं ते आठवत नाही. बहुतेक तू आजारी पडून आमच्या घरी झोपलीस आणि मी तुला भाकरी-दूध कुस्करून दिलं, तेव्हा.

त्याच पहिल्या वर्षी तू विचारलंस, "आक्का, पुस्तकात तुमचं नाव बदलावं लागेल. कोणतं घालू?"

"का बदलायचं?"

"नियम आहे. ज्याची गोष्ट सांगायची त्याचं नाव फोडायचं नाही. तुम्हाला उद्या त्रास नको."

"आख्ख्या गावासमोर झालंय ते. कुणाला ठावं न्हाय?"

"गावाला माहीत असू दे. पुस्तकाला माहीत नको."

मला ते पटलं नाही. नाव बदलणं मला नवीन नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सासरचं नाव लिहिलं, 'मालन', आणि त्या दिवसापासून मी मालन झाले. मला कुणी विचारलं नव्हतं. तू निदान विचारलंस. म्हणून मी म्हटलं, "द्वारका घाला." तू इतकी खूश झालीस! "वा, आक्का, कुठून सुचलं?" म्हणालीस. मी म्हटलं, "सुचलं."

सुचलं नव्हतं. ते माझं माहेरचं नाव. माझ्या बापाची आत्या द्वारका, ती वारली त्याच साली मी जन्मले म्हणून ठेवलेलं. कृष्णाचा, दुधाचा, कशाचा काही संबंध नाही. सासरी ते कुणाला आठवत नाही, आणि माहेरी आठवणारं कुणी उरलं नाही. तुला ते खोटं नाव वाटत होतं आणि मी ते तसंच राहू दिलं. का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू लगेच बदललं असतंस. नियम म्हणून. मला ते नाव कुठंतरी छापलेलं हवं होतं.

आता ज्यांना हे सगळं माहीत नाही त्यांच्यासाठी ती दुधाची गोष्ट सांगावी लागेल. तुला पाठ आहे. तू पुन्हा ऐक.

गावात महिलांची दूधसंस्था निघाली. नावं बायकांची, कारभार पुरुषांचा. सगळीकडे तसंच होतं, त्यात काही लपवालपवी नव्हती. सेक्रेटरी घरी यायचा, आम्ही सह्या करायचो, तो चहा पिऊन जायचा. मला चेअरमन केलं कारण मला सही नीट येत होती आणि मी भांडणार नाही असं त्यांना वाटलं. एक दिवस मीटिंग होती आणि मला घरी करमत नव्हतं. दुसरं कारण नाही. मी डोक्यावर पदर घेऊन गेले आणि चेअरमनच्या खुर्चीत बसले. खुर्ची रिकामी होती, मग बसले.

"वैनी, सही घरी आणली असती की," सेक्रेटरी म्हणाला.

"आता आलोय तर हितंच करतो. काय ठरतंय ते ऐकून करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत माझा नंबर आला. सेक्रेटरीनं किटलीत नुसतं डोकावलं आणि म्हणाला, "वैनी, दूध फाटतंय. घेता येणार न्हाय." तासाभरापूर्वी काढलेलं दूध. फेस बसला नव्हता त्याच्यावर. मागं रांग उभी. त्यानं किटली माझ्याकडे सरकवली.

मी ती उचलली, संस्थेच्या पायरीवर आले आणि सगळं दूध तिथंच ओतलं. रिकामी किटली घेऊन घरी गेले. सासूनं ऐकलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. दूध सांडलं तरी आमच्यात पदरानं पुसून डोळ्याला लावतात, आणि मी ते पायरीवर ओतलं होतं, लोकांच्या पायाखाली. संध्याकाळी मालकांनी स्वतः धार काढली, किटली भरली, झाकण लावलं आणि आणून माझ्यापुढे ठेवली. मी गेले. सेक्रेटरीनं दूध परत केलं. मी परत ओतलं.

असं काही दिवस चाललं. मग एका सकाळी आणखी दोघी-तिघींनी आपापलं दूध पायरीवर ओतलं. मी सांगितलं नव्हतं. पायरीवरून दूध गटारात जात होतं आणि कुत्री तिथून हलत नव्हती. त्यानंतर माझं दूध फाटायचं थांबलं.

झालं एवढं. तू ह्याला 'निषेध' म्हणालीस.

मी म्हटलं, निषेध-बिषेध नाही. किटली जड होती. दहा लिटरची किटली भरलेली, आणि ती अख्ख्या गल्लीतून परत न्यायची, दारादारातल्या बायका बघत असताना. मला ते झालं नसतं. म्हणून ओतलं.

"आक्का, म्हणजे निषेधच की!"

"न्हाय गं. लाज वाटली म्हणून."

"लाजेतून निषेधच झाला."

"तुझं तू ठरवून आलीस, मग मला कशाला इचारतीस?"

हे भांडण आपण किती वर्षं केलं! तू त्यावर लेख लिहिलास, तो दिल्लीच्या कुठल्याशा मासिकाला पाठवलास आणि तो परत आला. तुमच्यातली पद्धत तू मला समजावून सांगितलीस. लेख कुणी लिहिला ते वाचणाऱ्याला सांगत नाहीत, आणि कोण वाचून शेरा मारतो ते लिहिणाऱ्याला सांगत नाहीत.

"आणि जिच्यावर लिव्हलंय तिचंबी नाव खोटं?"

"हो."

"मग ह्यात खरं कोण हाय गं?"

तुला एवढं हसू आलं की चहा नाकात गेला. मी पाठीत धपाटे घातले तेव्हा थांबलीस. मग कागद काढलास. त्या माणसानं शेरा मारला होता की, द्वारकेच्या मनात काय होतं ते लेखिकेला कसं कळलं? तेवढं विचारायला तू कोल्हापुराहून आली होतीस, एस.टी.नं, उन्हाची.

मला त्याची गंमत वाटली होती. मालकांनी कधी विचारलं नाही, सासूनं विचारलं नाही, संस्थेत कुणी विचारलं नाही. आणि दिल्लीत बसलेला, नाव नसलेला एक माणूस विचारत होता की, ह्या बाईच्या मनात काय होतं. मी म्हटलं, "सांग त्याला, किटली जड होती." तू ते लिहून घेतलंस. पुढं त्याचं काय केलंस ते मी विचारलं नाही. लेख छापून आला एवढं कळलं. मग पुस्तक आलं. तू एक प्रत दिलीस, मी ती भिंतीतल्या देवळीत ठेवली. वाचता येत नाही ते पुस्तक ठेवायचं कुठं?

एकदा तू मला तुमच्या त्रैमासिकाच्या ऑफिसात नेलंस, राजारामपुरीत. अंक पोस्टात टाकायचे होते. मी पाकिटांना डिंक लावत होते आणि अंकावरचं मोठं अक्षर वाचलं. सामाजिक बदल आणि विकास. विचारलं, "विकास म्हंजे काय गं नक्की?"

"तेच शोधतोय, आक्का, इतकी वर्षं."

"सापडलं न्हाय तर पगार कशाचा घेतीस?"

ऑफिसातले सगळे हसले. तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "खरंच, कशाचा घेते?" आणि खिडकीतून बाहेर बघत बसलीस. मला वाईट वाटलं, पण मी पाकिटं चिकटवत राहिले.

शेवटी तू पुस्तक मराठीत करायला घेतलंस. माझ्यासाठी, असं म्हणायचीस. मला ते खरं वाटायचं नाही, आणि आवडायचंही. येशील तेव्हा एक-एक पान वाचून दाखवायचीस. शेवटच्या खेपेला म्हणालीस, "आता दुधाचं प्रकरण आलं. बसा, वाचते." मी म्हटलं, "आज नको, म्हस व्याली हाय, हात रिकामा न्हाय. खरवस घेऊन जा. पुढच्या खेपंला वाच." तू डबा घेतलास आणि गेलीस. मग अश्विनीचा फोन आला. हृदय बंद पडलं म्हणाली. दुपारी, ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या.

सभेनंतरच्या आठवड्यात अश्विनी माझा तो डबा घेऊन आली. रिकामा आणला नाही, साखर घालून आणली. पोरगीला वळण आहे. मी तिला सोप्यात बसवलं, देवळीतलं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "दुधाचं वाच. इंग्रजीतलं मराठीत सांग. बरं वाटावं म्हणून काय घालू नगंस."

ती वाचत गेली. खुर्ची होती. "दूध फाटतंय" होतं. पायरी होती. पण द्वारकेला दोन मुली होत्या. मला एकच मुलगा. द्वारका दूध ओतून नदीवर गेली आणि तिथं बसून रडली. मी सरळ घरी आले, भाकरी थापल्या. आणि द्वारकेचा नवरा दारू पिऊन तिला मारत होता.

"थांब," मी म्हटलं. "परत वाच."

तिनं परत वाचलं. तेच.

वसुधा, आमच्या मालकांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. तुला माहीत होतं ते. तू त्यांच्या हातची भेळ खाल्लीस, त्यांच्या दहाव्याला आलीस. ज्या माणसानं धार काढून किटली माझ्यापुढे ठेवली तो तुझ्या पुस्तकात नाहीच. त्याच्या जागी एक दारुडा बसवलास. का? मला ओळखू नये म्हणून? की पलीकडच्या कुठल्या गावात खरंच अशी एक बाई होती, दोन मुलींची, मार खाणारी, आणि तिनंही दूध ओतलं होतं? तू पुष्कळ गावं हिंडायचीस. संस्थेत सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओततात. एकदा ओतलं की माझं कुठलं, शेजारणीचं कुठलं, मला विचारलं तरी सांगता येणार नाही. तसं केलंस का आमचं?

मी द्वारका म्हणून पुढं झाले तर तो दारुडा माझा नवरा ठरतो. नाही झाले तर दूध कुणी ओतलंच नाही, त्या पुण्याच्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे. तू मला कुठं आणून सोडलंस बघ.

मग अश्विनी म्हणाली, "आक्का, खाली बारीक अक्षरात काहीतरी आहे." आणि वाचलं. "द्वारकेचं स्वतःचं म्हणणं असं की, किटली जड होती. मला ते पुरेसं वाटत नाही. तिला वाटतं."

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बघा, हे तुमचंच. हे दुसऱ्या कुणाचं असणार नाही."

"भरलेली किटली कुणालाबी जडच लागती," मी म्हटलं.

पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. मला पुरेसं वाटतं, असं तू लिहिलंस. तेव्हा वाटत होतं. आता विचारशील तर माहीत नाही. इतकी वर्षं तू 'निषेध, निषेध' म्हणत राहिलीस, त्यामुळं आता ती सकाळ आठवली की कधी लाज आठवते, कधी राग आठवतो. आणि तो राग त्या दिवशीचा आहे की तुझ्याकडून आलेला, ते कळत नाही. सेक्रेटरीचं तोंड आठवतं. पायरीचा दगड आठवतो. आत काय चाललं होतं ते पुसून गेलंय. तू पुन्हा पुन्हा विचारून पुसलंस, की विचारलंस म्हणून एवढं तरी राहिलं? हेही तुलाच विचारायचं होतं. बहुतेक आपण पुन्हा भांडलो असतो. मी तुला कधी बरी म्हटलं नाही, तर आता म्हणते. एकच प्रश्न इतक्या वेळा विचारायला माझ्या दारात दुसरं कुणी आलं नाही.

अश्विनी फोनवर विचारत होती, लेखाखाली नाव कुठलं घालू? नियम अजून तोच आहे म्हणे. म्हटलं, नियम वसुधाचा होता, ती गेली. सेक्रेटरीही गेला, मालकही गेले. आता मला कोण त्रास देतंय? दोन्ही नावं घाल.

दारू पिणारा नवरा ज्या बाईचा असेल तिनं तो घेऊन जावा. दोन मुली तिच्या तिला. नदीवर बसून कोण रडलं, मला माहीत नाही. पण पहिल्या दिवशी, सगळ्या रांगेसमोर, संस्थेच्या पायरीवर दूध ओतलं ती मी.

मालन. माहेरची द्वारका.